पासवर्ड कुणी बदलला?

शाळेत, बँकेत, तहसील कार्यालयात एक वाक्य सारखं कानावर येतं. "कुणीतरी पासवर्ड बदललाय." ऐकायला ही तक्रार वाटते, पण बहुतेक वेळा तो आरोप असतो. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा माणूस आधीच उभा असतो. संगणक बिचारा एवढंच म्हणतो, की नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. दोन्हींपैकी काय चुकलं हेसुद्धा तो मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं तर चोराचं निम्मं काम होतं. मग उरलेली जागा माणसं आपापल्या संशयानं भरून काढतात.

पासवर्ड बदलला, तर कुठे बदलला, कोणत्या मशीनवर, किती वाजता, आणि बाकीच्या मशीनना ते कळलं का, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे ते विचारायची वेळ आली, कारण नववीतल्या एका मुलाचं नाव त्यात गोवलं गेलं होतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या संस्थेत उर्दू माध्यम आणि मराठी माध्यम एकाच आवारात भरतं. संगणक खोली दोघांत एक. संगणक शिक्षकाचा करार संपला तेव्हापासून खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. एमएस-सीआयटी झालेली आणि नाही म्हणता न येणारी, एवढीच माझी पात्रता. खोलीत १४ मशीन आहेत. आठांवर विंडोज १० आणि सहांवर उबुंटू, कारण त्या सहा म्हाताऱ्या मशीनना विंडोज झेपत नाही. कोपऱ्यात मॉनिटर नसलेला एक डबा आहे, तो सर्व्हर. पलीकडे ऑफिसात भाऊसाहेबांचं मशीन, तेही याच वायरीवर. दहावीचे अंतर्गत गुण, दाखल्यांचे नमुने, दोन्ही विभागांच्या नोटिसा, सगळं त्या डब्यातल्या शेअर फोल्डरमध्ये असतं.

डब्यावर लिनक्स आहे आणि सांबा नावाचं सॉफ्टवेअर. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं कॅनबेराच्या विद्यापीठात शिकत असताना, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं. विंडोजची मशीन एकमेकांशी फाइलींची देवघेव ज्या भाषेत करतात तिला एसएमबी म्हणतात. ती भाषा यानं युनिक्सच्या मशीनना शिकवली. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द त्यानं संगणकाकडून शब्दकोशात शोधून घेतले आणि त्यातून सांबा निवडला. म्हणजे हा दुभाषा आहे. दोन भाषांच्या मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून किती बोलणी खावी लागतात, ते उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. कोणतंही शहाणं मशीन तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. ते त्याला खलबत्त्यात कुटतं आणि कुटलेली पूड ठेवतं. लवंग-दालचिनी कुटल्यावर पुडीतून लवंग परत काढता येत नाही, तसं या पुडीतून पासवर्ड काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पासवर्ड टाकला की मशीन तो नव्यानं कुटतं आणि दोन पुडी जुळतात का ते पाहतं. गंमत अशी की प्रत्येकाचा खलबत्ता वेगळा. लिनक्स कुटताना चिमूटभर मीठ घालतं; त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात. प्रत्येक खात्याचं मीठ वेगळं, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पुडी वेगळ्या दिसतात. विंडोज ज्या पद्धतीनं पूड साठवतं तिच्यात मीठ नाही. त्यामुळे लिनक्सची पूड विंडोजच्या पद्धतीनं चालणाऱ्याच्या कामाची नाही. म्हणून सांबाला त्याच डब्यात राहूनही स्वतःची वेगळी वही ठेवावी लागते. एकाच सर्व्हरवर, एकाच नावाचे, दोन पासवर्ड! लिनक्सच्या नेहमीच्या कमांडनं पासवर्ड बदला, सांबाच्या वहीला पत्ताच नसतो. सांबाकडून बदलताना लिनक्सचाही बदलावा अशी एक सेटिंग असते, पण ती कुणीतरी चालू करावी लागते. आमच्याकडे ती बंद होती.

आणि आमच्या विंडोजच्या मशीनवर प्रत्येकाची आणखी एकेक वही. प्रत्येक मशीनवर 'ऑफिस' नावाचं खातं होतं, पासवर्ड सगळीकडे सारखा, सर्व्हरवरही तोच. शेअर फोल्डर उघडताना विंडोज आधी गुपचूप, आत बसलेल्या माणसाचंच नाव आणि पासवर्ड पुढे करतं. तो सर्व्हरवरच्याशी जुळला तर काही न विचारता फोल्डर उघडतो. वर्षानुवर्षं तसं चाललं आणि सगळ्यांची समजूत झाली की पासवर्ड एकच आहे. ते वेगवेगळे होते, फक्त सारखे दिसत होते.

शुक्रवारी काय झालं ते सांगते. रंगीत प्रिंटर ४ नंबरच्या मशीनला जोडलेला. उर्दू विभागाच्या जलशाची कार्यक्रमपत्रिका छापायची होती. भाऊसाहेबांनी 'ऑफिस'मध्ये लॉगिन करून दिलं आणि नववीच्या त्या मुलानं पत्रिका टाइप केली. उर्दू टायपिंगमध्ये त्याचा हात आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगला आहे. शुक्रवारी आमचा उर्दू विभाग जुम्यासाठी साडेबाराला सुटतो. मुलगा गेला. मशीन तसंच चालू राहिलं. दुपारी भाऊसाहेब प्रिंट घ्यायला आले. त्या आठवड्यात संस्थेची नोटीस निघाली होती, सर्वांनी पासवर्ड बदलावेत आणि नव्या पासवर्डमध्ये अक्षरं व आकडे दोन्ही असावेत. भाऊसाहेब कामाचे पक्के. तिथल्या तिथे बदलून टाकला.

शनिवारी सकाळी ४ नंबरचं मशीन नवा पासवर्ड घेईना. जुनाही घेईना. मंगळवारी अंतर्गत गुण भरायची मुदत. मी शनिवारी रजेवर होते. सोमवारी आले तोवर निकाल लागलेला होता. शेवटी त्या मशीनवर कोण बसलं होतं? उर्दूचा मुलगा. संगणकात कोण हुशार? तोच. मुख्याध्यापकांनी त्याला संगणक खोलीत यायला मनाई केली होती आणि वडिलांना बोलावलं होतं. "तुमच्या मुलांना जरा जास्तच येतं, मॅडम," असं मला स्टाफरूममध्ये हसत सांगण्यात आलं. तुमच्या मुलांना. मी त्या मुलांना मराठी शिकवते, पण असल्या वेळी ती फक्त उर्दूची असतात.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हजेरी बुडवून आले होते. ऑफिसबाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. "मॅडम, मेरा बच्चा ऐसा नै करता," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा.

विंडोजमध्ये प्रशासकाच्या खात्यातून एक छोटी कमांड दिली की कोणत्याही खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ती तारीख आणि वेळ दिसते. लिनक्सही ही नोंद ठेवतं, फक्त ते दिवस मोजतं १ जानेवारी १९७०पासून. तिथे २०००० असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ ४ ऑक्टोबर २०२४. पोलिसांत जाण्याआधी, मुलाच्या बापाला बोलावण्याआधी, बघायची ही पहिली जागा. ४ नंबरवर उत्तर आलं : शुक्रवार, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं. साडेबाराला गेलेला मुलगा त्या वेळी शाळेत नव्हता. भाऊसाहेबांना विचारलं, तुम्ही किती वाजता बदललात? "तीन-सव्वातीन असतील." म्हणजे त्यांनी बदलल्यानंतर कुणीच बदलला नव्हता. त्यांचा स्वतःचाच पासवर्ड मशीन नाकारत होतं.

भाऊसाहेब म्हणाले, मी दोनदा टाकला, दोन्ही वेळा जुळला, मगच मशीननं घेतला. बरोबर होतं त्यांचं. पण पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. मुलगा गेला तेव्हा कीबोर्ड उर्दूवर होता आणि उर्दूवरच राहिला. भाऊसाहेबांनी इंग्रजी समजून दोनदा तीच बटणं दाबली, दोनदा तीच उर्दू अक्षरं उमटली. ठिपक्याला भाषा नसते. शनिवारी लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजीत होता, म्हणून तीच बटणं आता दुसरी अक्षरं देत होती.

पण मग, बदलताना मशीननं आधी जुना पासवर्ड मागितला असेल, तो उर्दू कीबोर्डवर कसा चालला? इथे मी पाच मिनिटं अडकले. जुना पासवर्ड आता बाद झाला आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. ७८६७८६. आधीच्या क्लार्कनं ठेवलेला, आणि भाऊसाहेब तो नेहमी उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर टाकायचे. कीबोर्ड उर्दू असो, मराठी असो, त्या पट्टीवरचे आकडे तेच राहतात. इतकी वर्षं आमची अडचण झाकली गेली होती ती या ७८६मुळे. नोटिशीनं अक्षरं मागितली आणि ती उघडी पडली.

लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे कीबोर्डची भाषा निवडता येते. मी उर्दू निवडलं, बाजूला झाले, भाऊसाहेबांना म्हटलं, तुमचा नवा पासवर्ड टाका, खाली बघून, नेहमीसारखा. मशीन उघडलं. खोलीत मुख्याध्यापकही होते. कुणी काही बोललं नाही.

हे फक्त उर्दूचं नाही. मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी 'के'च्या जागी 'क' येतो, 'जे'च्या जागी 'र', 'एच'च्या जागी 'प'. काही कीबोर्डांत वरच्या ओळीतले आकडेसुद्धा बदलतात, काहींत नाही. त्यात उर्दूची वेगळी खोच अशी, की डोळ्यांना एकच दिसणारं अक्षर मशीनच्या लेखी दोन असू शकतं. उर्दूचा 'ये' युनिकोडमध्ये १७४० क्रमांकाचा आहे आणि अरबीचा १६१०. 'काफ' उर्दूचा १७०५, अरबीचा १६०३. शब्दाच्या मधे आला की दोन्ही 'ये' सारखेच दिसतात. आमच्या एका मशीनवर दीनियातच्या धड्यांसाठी अरबी कीबोर्ड घातलेला आहे. तिथे उर्दू पासवर्ड टाइप केला असता तर अक्षरं बरोबर दिसूनही पूड जुळली नसती. ज्यांच्या आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं आहे, त्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. शेख आणि शैख एकच माणूस आहे हे खिडकीतल्या बाबूला सांगता सांगता अर्धं आयुष्य जातं.

मुलगा सुटला, काम सुटलं नव्हतं. मंगळवारची मुदत तशीच होती. भाऊसाहेबांनी कीबोर्ड इंग्रजीवर घेऊन पासवर्ड पुन्हा नीट ठेवला. ४ नंबर उघडू लागलं, शेअर फोल्डर मात्र उघडेना. साहजिकच. त्यांनी बदलला होता तो ४ नंबरच्या वहीत. सर्व्हरच्या वहीत अजून ७८६७८६च होतं. विंडोज नवा पासवर्ड पुढे करत होतं आणि सर्व्हर ओळख देत नव्हता. सांबाच्या कमांडनं सर्व्हरवर बदलला, लिनक्सचाही वेगळा बदलला. ४ नंबर सुरळीत.

मग ऑफिसातलं मशीन बंड करून उठलं. काल चालत होतं, आज नाही! "बघा, पुन्हा कुणीतरी..." भाऊसाहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. विंडोजच्या आत 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नावाची तिजोरी असते. फोल्डर उघडताना कधीतरी 'लक्षात ठेवा'वर टिचकी मारलेली असते, तो पासवर्ड तिथे पडून राहतो. सर्व्हरचा बदलला तरी हे मशीन इमानदारीनं जुनाच पाठवत राहतं, तेही कुणी न सांगता, सुरू झाल्या झाल्या. सर्व्हरवर प्रत्येक मशीनच्या नावानं वेगळी नोंदफाइल बनते. तिच्यात ऑफिसच्या मशीनकडून सकाळपासून चुकलेल्या प्रयत्नांची रांग लागली होती. चुका मोजून खातं बंद करायची सेटिंग चालू असती तर खातंही बंद पडलं असतं आणि पुन्हा कुणाच्या तरी मुलाचं नाव निघालं असतं. तिजोरीतली जुनी नोंद पुसली, मशीन एकदा बंद करून चालू केलं, झालं.

एका मशीनवर वेगळीच तक्रार आली. तिथे मराठी विभागाच्या एका सरांनी स्वतःच्या नावानं फोल्डर उघडलेला होता आणि त्याच वेळी 'ऑफिस'च्या नावानंही उघडायचा होता. विंडोज एका वेळी एका सर्व्हरशी दोन नावांनी बोलत नाही. आधीची जोडणी तोडा, मग दुसरी. हे माहीत नसलं की माणूस पासवर्डच बदलत बसतो.

गुण सोमवारी संध्याकाळीच भरून झाले.

संगणकांच्या जगात असा घोळ आपणच पहिल्यांदा घातला असं नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटानं १९६०च्या दशकात एकच मोठं मशीन अनेकांनी वापरायची सोय केली आणि त्यासाठी पासवर्ड आणले. एक दिवस लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. चोर कुणीच नव्हता. दोघं जण एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, दोघांची तात्पुरती फाइल एकाच नावाची होती, आणि दोन फाइलींची अदलाबदल झाली. तेव्हा पासवर्ड कुटून ठेवायची पद्धत त्या मशीनवर नव्हती. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर जो लेख लिहिला, त्यात मिठाची युक्ती नीट मांडलेली आहे.

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी मुलाला परत बसू द्यायला सांगितलं. तोंडी. मनाईचा कागद मात्र लेखी होता. तो फायलीतून काढून टाकावा म्हणून मी तीनदा आठवण केली, तेव्हा निघाला. माफी कुणी मागितली नाही. वडिलांना बाहेर जाऊन मीच सांगितलं की तुमच्या मुलानं काही केलेलं नाही, कीबोर्ड उर्दूवर राहिला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तो कल से बैठेगा ना वो?" मी हो म्हटलं. मुलगा पुढचे पंधरा दिवस खोलीच्या दारापर्यंत येऊन परत जायचा. एकदा भाऊसाहेबांनीच त्याला हाक मारली, "ये रे, ती दाखल्याची उर्दू तपासून दे." तो आला. त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही.

'ऑफिस' हे सगळ्यांचं खातं मी बंद करून घेतलं. आता चार माणसांची चार खाती आहेत. एका खात्यात चौघं बसत असतील तर नोंद वेळ सांगते, माणूस सांगत नाही. आणि मग माणूस आपण आपल्या मनानं निवडतो. भाऊसाहेबांना सुरुवातीला हा व्याप वाटला. आता कुणी त्यांच्या खुर्चीत बसलं तर तेच आधी लॉगआउट करतात. कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे : पासवर्ड बदलताना आधी सर्व्हर, मग स्वतःचं मशीन, मग तिजोरीतला जुना पुसायचा; आणि टाइप करण्याआधी कीबोर्डची भाषा बघायची, डोळ्याचं चिन्ह दाबून एकदा अक्षरं वाचायची. उर्दूतही लिहिला आहे, मराठीतही.

७८६बद्दल मात्र मला आमच्याच लोकांशी भांडावं लागतं. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद बेरीज, म्हणून तो गाडीच्या नंबरावर, मोबाइलवर, पासवर्डवर. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही. पण मोहल्ल्यातल्या निम्म्या पासवर्डांच्या शेवटी तेच तीन आकडे असतील, तर ज्याला उघडायचं आहे त्याला तेवढे तीन आकडे आपण फुकट दिले. चार वेगवेगळे साधे शब्द एकत्र करून मोठा पासवर्ड करा, असं मी मुलांना सांगते. त्या मुलानं केलेला पासवर्ड मला माहीत नाही, विचारलाही नाही.

आता संस्थेची नवी नोटीस आहे, दर ९० दिवसांनी सगळ्यांनी पासवर्ड बदलावा. हा जुना सल्ला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००४च्या दस्तऐवजातून तो जगभर पसरला. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी निवृत्तीनंतर त्याचा पस्तावा बोलून दाखवला आणि २०१७ मध्ये त्या संस्थेनं स्वतःच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका. सारखं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. आमच्याकडे प्रत्येक बदल म्हणजे तीन-चार वह्यांत बदल, आणि दर वेळी कुठलीतरी एक राहून जाणार. हे सगळं मी दोन पानी अर्जात लिहून दिलं आहे. उत्तर यायचं आहे. पुढची तारीख १५ तारखेला येते. त्या दिवशी शुक्रवार आहे, म्हणून मी साडेबारानंतर थांबणार आहे.